बे पोढियो

एरंडवण्यातल्या भाड्याच्या हॉलमध्ये
प्रोजेक्टर दोनदा बंद पडला
म्हणून अथेन्स मी हातवारे करूनच दाखवलं.
समोर एकोणीस जण, मांडीवर वह्या.
दहा रात्री, अकरा दिवस,
व्हिसाचे फोटो पांढऱ्या पार्श्वभूमीवर, हसू नये.

म्हटलं, तिकडे 'ने' म्हणजे हो.
ऐकायला 'नाही'चा धाकटा भाऊ, पण हो.
आणि नको असेल तर 'ओही'.
खाजगीवालेबाई म्हणाल्या,
आमच्या ह्यांचं तेच. हो म्हणाले की समजायचं.
ह्यांनी मान हलवली, कुठल्या भाषेत ते कळलं नाही.

मग शाकाहार. तो येणारच होता.
सांगितलं, त्यांचेही उपास असतात,
चाळीस चाळीस दिवसांचे.
दूध बंद, अंडी बंद, चीजसुद्धा.
मोठाले वाल शिजवतात टोमॅटोत.
कांदा असतो?
असतो.
लसूण?
असतो.
मग कसला उपास, असं मागून आलं
आणि पाच मिनिटं त्यातच गेली.

दाराशी कुंडी असते, त्यात तुळशीची चुलतबहीण.
जुन्या बायका ती खुडून कोशिंबिरीत घालत नाहीत,
येताजाता तिच्यावरून हात फिरवतात
आणि बोटं हुंगतात.
पाद्री तिचीच जुडी पाण्यात बुडवून
घरभर शिंपडतो.
गेलेल्या माणसासाठी गहू उकडतात,
साखर घालतात, डाळिंबाचे दाणे,
आणि चर्चच्या दारात मूठमूठ वाटतात.
इथे पेनं थांबली.
कुणाचं तरी वर्षश्राद्ध अजून व्हायचं होतं.

बाळ फारच गोड दिसलं तर तीनदा थुंकतात.
हे मात्र कुणालाच समजावावं लागलं नाही.

शेवटच्या रांगेतले मुरलीधर डुंबरे उभे राहिले.
मूळचे ओतूरचे, पाणीपुरवठ्यातून निवृत्त.
त्यांच्या वहीत काहीच लिहिलेलं नव्हतं.
"आमच्या जुन्नरच्या डोंगरात
एका यवनानं पाण्याची टाकी खोदवलीत.
झाली असतील दोन हजार वर्षं, कमीजास्त.
नाव आहे दगडावर. इरिल.
पुढं लिहिलंय, बे पोढियो.
बे म्हणजे आपला पाढ्यातला बे."
कुणीतरी नकळत पुटपुटलं, बे एके बे.
"मी नोकरीत बावीस टाक्या बांधून घेतल्या.
नऊ गळतात.
तर त्याचं गाव आपल्या ट्रिपमध्ये येतं का?"

मी कार्यक्रमपत्रिका उगाच उलटून पाहिली.
डेल्फी होतं, मेटेओरा होतं,
बोटीवरचं सूर्यास्तासह जेवण होतं.
म्हटलं, त्याचं गाव कुणालाच ठाऊक नाही, काका.
तो तिकडे कधी गेलाही नसेल.
इथंच जन्मला असेल, नाणेघाटात जकात भरली असेल,
इथलीच बाजरी खाल्ली असेल,
आणि यवन हे नाव
शेजाऱ्यांनी ठेवलेलं असेल.

"असेल," ते म्हणाले.
"पण आजा तरी कुठून आला असेल ना.
आणि आल्यावर पाणीच मागितलं असेल पहिलं."

मग खाली बसता बसता,
"विमानात पाणी नेता येतं का?"
शंभर मिली.
"पुरे."

चहा आला. बिस्किटं कमी पडली.
खाजगीवालेबाईंच्या वहीत मी चोरून पाहिलं:
टोपी, गुडघ्याच्या गोळ्या, खाकरा,
आणि त्याखाली, दुसऱ्या शाईत,
छोटी बाटली.

मी चौदा वेळा ग्रीसला गेले आहे.
जुन्नरला एकदाही नाही,
एसटी दीड-दोन तासांत नेते तरी.

सगळे पांगल्यावर प्रोजेक्टर आपोआप सुरू झाला.
डुंबरे खुर्च्या एकात एक रचत होते.
त्यांच्या पांढऱ्या सदऱ्याच्या पाठीवर
संगमरवरी खांब उभे राहिले, किंचित वाकडे.
ते वळले, डोळ्यांवर हात धरून पाहत राहिले.
"छप्पर गेलंय की सगळं," म्हणाले.
"पावसाचं पाणी कुठं साठवतात?"